माडाखालची पायरी

"बूट काढावे लागतील का हो?" त्या तपासणीवाल्याने विचारलं.

तालुक्याहून आला होता बिचारा. एका हातात बर्फाचा डबा, दुसऱ्या हातात काचेची बाटली आणि पायात कालच घेतल्यासारखे पांढरे बूट. समोर ओहोटी लागलेली आमची कोंडबंदरची खाडी, म्हणजे गुडघाभर चिखल. सांडपाणी शुद्ध करायचा जो प्रकल्प गावात झाला होता त्याचं पाणी खाडीत पडतं तिथून त्याला बाटली भरून न्यायची होती, आणि ती जागा चिखलाच्या पलीकडे होती.

"काढावे लागतील," मी म्हणालो. "आणि चिखलात कालवांचे शिंपले आहेत. पाय ब्लेडने कापल्यासारखे कापतात. त्यापेक्षा असं करा, हे आमचे माड, माडाखाली चिऱ्याची पायरी आहे. तिथून नुसता हात घातला की पाणी. खाडी तीच, पाणी तेच."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला उगाचच थोर वाटलं. पायरीवर बसून त्याने बाटली भरली, चिठ्ठी चिकटवली, वेळ लिहिली आणि जागेचं नाव विचारलं. "खाडीची पायरी लिहा," मी सांगितलं. मग मी त्याला शहाळं कापून दिलं. आमच्या घराण्यात पाहुण्याला पाण्यावाचून पाठवत नाहीत. या पाहुण्याला मी दोन्ही प्रकारचं पाणी देऊन पाठवलं.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या सकाळी माझ्या मनात काही काळंबेरं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे असं सांगायची संधी मला मिळणार नाही.

त्याच्या दोन-अडीच वर्षं आधी मी निवृत्त होऊन गावी परतलो होतो. जिल्ह्याच्या साप्ताहिकात एकवीस वर्षं मी दर आठवड्याला कोणाला ना कोणाला चिमटा काढला. मंत्री, मास्तर, एसटी, कोणी सुटलं नाही. गावात आल्यावर बोटं शिवशिवायची आणि चिमटा काढण्यासारखं गावात नवीन काय, तर हा प्रकल्प.

त्याआधी गावचं सांडपाणी कुठे जातं हा प्रश्न कोणाला पडत नसे. ते खाडीत जायचं. खाडी मोठी होती. मग पर्यटक आले, घरोघरी खोल्या झाल्या, खोलीगणिक संडास झाले, आणि एका हिवाळ्यात खाडीतल्या तिसऱ्या खाऊन अकरा पाहुण्यांची पोटं एकाच दिवशी बिघडली. तिसऱ्या म्हणजे शिंपल्यातलं ते मऊ, गोड मांस. ओहोटीला चिखलात बसून हाताने चाचपून त्या काढायच्या, हा आमच्या बंदरावरच्या वीस बायकांचा धंदा. त्या हिवाळ्यानंतर त्यांच्या पाट्या भरलेल्या परत यायला लागल्या. हॉटेलवाले घेईनात, गाववाले तर मुळीच घेईनात.

त्या विसांतली एक शेवंती कुबल. चाळिशीची, सातवीपर्यंत शाळा, नवरा महिनोन् महिने ट्रॉलरवर. प्रकल्प मंजूर झाला तेव्हा तो चालवायला माणूस हवा होता आणि एक महिना जिल्ह्याला राहून शिकून यायचं होतं. पुरुषांनी घाणीचं काम म्हणून नाक मुरडलं. शेवंती गेली आणि दाखला घेऊन आली. बोलताना ती समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसे, हातांकडे बघे. चिखलात हातांनी शोधायची सवय, दुसरं काय.

प्रकल्प तसा साधा होता. पहिल्या टाक्यांत गाळ खाली बसायचा, पुढे खडीचे लांब वाफे, त्यांत दाट कर्दळ. पाणी खडीतून आणि कर्दळीच्या मुळांतून झिरपत जायचं आणि शेवटच्या टाकीत इतकं नितळ यायचं की विश्वास बसू नये. कर्दळीला लालपिवळी फुलं तर अशी यायची की पर्यटक तिथे उभे राहून फोटो काढायचे. मागे नेमकं काय आहे हे त्यांना कोणी सांगत नसे. मी सांगायचो.

शिमग्यात मी या प्रकल्पावर सोंग बसवलं. एकाला साडी नेसवून शेवंती केलं, त्याच्या गळ्यात पाइपाची माळ घातली आणि गावभर नाचवलं. लोक हसून लोळले. शेवंतीही हसली. दुसऱ्या दिवशी ती ओटीवर येऊन म्हणाली, "बापूनू, सोंगात तुमी टाके तीन दाखवलात. आमचे चार आसत." एवढंच सांगून गेली.

कामाची तिची एक रीत होती. जिल्ह्याला शिकवलेल्या बाटल्या, रंग बदलणाऱ्या पुड्या ती वापरायचीच, पण तिचा खरा भरवसा टोपल्यांवर. जिवंत तिसऱ्या वेताच्या टोपलीत घालून, झाकण बांधून, ती टोपली प्रकल्पाचं पाणी खाडीत पडतं तिथे पाण्यात ठेवायची. पाणी बरं असलं की तिसऱ्या सुखाने तोंड उघडून बसतात. बरं नसलं की मिटून घेतात. रोज ओहोटीला जाऊन ती बघून यायची आणि वहीत काहीतरी लिहायची. मी विचारलं तर म्हणाली, "यंत्राक पाणी दाखवचा लागता. हेंका ऱ्हवचा लागता." ज्याला त्यात राहायचंय त्यालाच विचारावं, असा तिचा हिशेब.

दोन वर्षांत तिसऱ्या पुन्हा खपायला लागल्या होत्या. प्रकल्पाची वार्षिक तपासणी पास झाली की तो दाखला हॉटेलवाल्यांना दाखवायचा, असं बायकांचं ठरलं होतं. रवळनाथाची जत्रा महिन्यावर आली होती. जत्रेला सगळ्या माहेरवाशिणी येतात, पाहुणे येतात, आणि तिसऱ्यांच्या पाट्या दुपारपर्यंत रिकाम्या होतात.

आणि तपासणीचा कागद आला. पाण्यात विष्ठेतले जंतू मर्यादेच्या कित्येक पट.

पंचायतीत सरपंच विश्राम धुरीने तो मोठ्याने वाचला. विश्राम मूळचा चांगला माणूस, पण वाचताना त्याचा आवाज नेहमी निकाल दिल्यासारखा यायचा. शेवंती भिंतीला टेकून उभी होती.

"माज्या टाकीचां पाणी न्हय तां," ती म्हणाली. "टाकीकडचे तिसरे उघडे आसत."

"तुज्या तिसऱ्यांची सही चलत नाय हय," विश्राम म्हणाला आणि लोक हसले. मीही हसलो. वाक्य चांगलं होतं.

"मगे नमुनो खंयसून घेतलो, तां तरी इचारा."

विश्रामने कागद डोळ्यांजवळ नेला. "खाडीची पायरी, प्रकल्पाच्या खालच्या बाजूस." त्याने मान वर केली. "बापू, त्या पाहुण्याबरोबर तू हुतंस. खंयसून भरल्यान बाटली?"

"खाडीतसून," मी म्हणालो.

मी एकही खोटा शब्द बोललो नाही, हे मुद्दाम नोंदवतो. खोटं बोलावं लागणं हे कसबी माणसाचं लक्षण नव्हे.

कारण विश्राम वाचत होता तेवढ्यात मला माझा माडांमधला पऱ्या आठवला होता.

घराच्या खालच्या अंगाला मीही पर्यटकांसाठी तीन खोल्या बांधल्या होत्या. बाहेर पाटी होती, 'घरगुती जेवण, शांत परिसर, स्वच्छ खाडी.' मजकूर माझाच. गावात नळ्या घालून प्रत्येक घराचं सांडपाणी टाकीकडे न्यायचं ठरलं तेव्हा मी राहत्या घराचं जोडून घेतलं, फोटोही काढला. खालच्या तीन खोल्यांचं मात्र राहिलं. त्यासाठी नवीन चिरे बसवलेलं अंगण उखडायला हवं होतं आणि पाणी वर चढवायला पंप हवा होता. दिवाळीनंतर बघू म्हणालो. दोन दिवाळ्या झाल्या. तोवर तिन्ही खोल्यांचं सगळं जमिनीखालच्या नळीतून माडांमधल्या पऱ्यात जात होतं. आमच्याकडे पऱ्या म्हणजे पावसाळी ओढा, बाकी वर्षभर नुसता ओघळ. तो खाडीला मिळतो माझ्या पायरीपासून चार हातांवर.

शेवंती जोडणीची यादी घेऊन घरोघर फिरली तेव्हा मी ओटीवरूनच सांगितलं होतं, "सगळां जोडलां गो." तिने माझ्या नावापुढे खूण केली. बापू घाडी सांगतोय म्हटल्यावर वाकून बघायला कोण जातं?

पंचायतीत दोन तास गलका झाला. पुन्हा तपासणी मागवली तरी निकाल जत्रेच्या आधी येईल याची खात्री नव्हती. टाकी शेवंतीकडून काढून घ्या म्हणणारे होते, तसे तिच्या बाजूचेही होते. शेवटी विश्राम म्हणाला, देवाला विचारू.

हे काही नवीन नव्हतं. विहीर कुठे खणायची, नाटक कोणत्या दिवशी ठेवायचं, इथपासून आमच्याकडे देवाला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या लावतो. ज्याला मान आहे तो गाऱ्हाणं घालतो, म्हणजे गावाची अडचण देवापुढे मांडतो, आणि शेवटी प्रश्न विचारतो. उजवीकडची पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. एकदा कौल झाला की त्यावर कोणी बोलत नाही. गाऱ्हाणं घालायचा मान आम्हा घाड्यांचा. माझा चुलतभाऊ वारल्यावर तो माझ्याकडे आला होता, आणि लोक खूश होते. बापूच्या तोंडून गाऱ्हाणं ऐकायला मजा येते म्हणायचे.

कौलाच्या आदल्या दिवशी दुपारी शेवंती आली. मी ओटीवर बसलो होतो. शालिनी, माझी बायको, सुपात तांदूळ निवडत होती.

"उद्या गाऱ्हाणां तुमीच घालतलात मां?" शेवंतीने विचारलं.

मी हो म्हणालो.

"मगे नीट घाला, बापूनू. देवाक सगळां सांगा. मागे कायएक ठेवू नकात." ती माझ्या हातांकडे बघत होती. "ह्या एका टाकीवर वीस जणींची चूल आसा. माजां काय व्हायचां तां होवंदे."

"तू काळजी करू नको," मी म्हणालो.

तिने सुपातले चार दाणे तळहातावर घेऊन पाहिले. मग शालिनीला म्हणाली, "वैनी, तांदूळ बरे आसत," आणि गेली.

तो सबंध दिवस मी गाऱ्हाण्यावर घालवला. एकवीस वर्षांत एखाद्या मजकुरावर इतकी मेहनत घेतल्याचं आठवत नाही. गावाने मला विचारायला सांगितलं होतं ते सरळ होतं, खाडी कोणामुळे नासली. असा प्रश्न देवापुढे मोकळा सोडणं धोक्याचं. देव काय, कुठेही बोट दाखवील. म्हणून मी एकेक शब्द घासला. संध्याकाळी पडवीत येरझाऱ्या घालत पुटपुटत होतो तेव्हा शालिनी स्वयंपाकघराच्या दारात आली.

"तुमी देवाक पण लेखच वाचून दाखवतलात?" ती म्हणाली.

तिला नळी माहीत होती. खोल्यांचे संडास तीच धुवायची.

सोमवारी सकाळी देवळात सगळा गाव. पुरुष पुढे, बायका खांबांच्या मागे. सोनू गुरवाने पाकळ्या लावल्या आणि बाजूला झाला. मी हात जोडले.

"बा देवा रवळनाथा," मी म्हणालो.

"होय म्हाराजा," गाव म्हणाला.

"आज तुजी लेकरां तुज्या पायाकडे गोळा झाली हत."

"होय म्हाराजा."

"गावच्या खाडीचां पाणी नासलां. जत्रा तोंडार इली. लेकरांक वाट दिसणा नाय."

"होय म्हाराजा."

"तर बा देवा, ती टाकी जेच्या हाताखाली चलता, तेच्या हातसून जर काय चूकभूल, काय हयगय घडली असात, तर उजवो कौल दी आणि लेकरांक मोकळां कर."

"होय म्हाराजा."

त्या शेवटच्या होकारात एक आवाज बाईचा होता. खांबामागून आला. मी ओळखला.

चूकभूल. दोन वर्षांत, रोज काम करणाऱ्या माणसाच्या हातून. देवाने तरी नाही कसं म्हणावं? आणि ज्याच्या हाताखाली टाकी चालत नव्हती, ज्याची नळी टाकीकडे जातच नव्हती, तो माणूस या प्रश्नात कुठूनही शिरत नव्हता. मी चारही बाजूंनी तपासून पाहिलं होतं.

मी डोळे मिटलेले ठेवले. भक्तीने नव्हे. थोड्या वेळाने सोनू गुरव म्हणाला, "उजवी."

शेवंती पुढे आली, उंबऱ्याला डोकं टेकलं, आणि माणसांमधून वाट काढत निघून गेली. विश्रामने घसा साफ केला आणि प्रसादाचा नारळ फोडायला सांगितला. लोक मला म्हणाले, बापू, गाऱ्हाणं काय झालं, अंगावर काटा आला. एकाने तर पाया पडून घेतलं. घरी शालिनीने प्रसादाचं खोबरं हातात घेतलं, बघितलं, आणि कुंपणाच्या गडग्यावर कावळ्यांसाठी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शेवंती कोरा कागद घेऊन आली.

"पंचायतीक लेखी होया म्हणतत," ती म्हणाली. "तुमी लिवून द्या. तुमी लिवणारे."

मला बरं वाटलं, हे सांगायला लाज वाटते. निदान एवढं तरी तिच्यासाठी करता येईल, असं मला खरोखरच वाटलं. मी पेन घेतलं आणि अगदी मन लावून लिहायला बसलो. सन्माननीय सरपंच यांस, वगैरे. ती समोर चटईवर बसून माझ्या हाताकडे बघत राहिली.

"काही त्रुटी राहिल्याने खाडीचे पाणी दूषित झाले," मी वाचून दाखवलं.

"त्रुटी म्हणजे?"

"चूक."

"मगे चूकच लिवा. आणि कोणाच्या हातसून तां लिवा. नायतर लोकांक कळाचां कसां?"

मी खोडलं आणि लिहिलं, 'माझ्या हातून चूक झाली. त्यामुळे खाडीचे पाणी नासले.'

"वाचा."

मी वाचलं.

"आणि एकदा."

मी पुन्हा वाचलं. ओटीवर कोणी नव्हतं. खालच्या खोलीत कोणीतरी नळ सोडला आणि पाणी भिंतीतून खाली जात असल्याचा आवाज आला. आम्ही दोघांनीही तो संपेपर्यंत ऐकला.

"बरां लिवलांत," ती म्हणाली. तिने कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि कमरेला खोचला. सही घरी करते म्हणाली.

तिसऱ्या दिवशी मी दोन गडी बोलावले आणि अंगण उखडायला काढलं. लोकांनी विचारलं तर सांगितलं, जत्रेला पाहुणे यायचेत, अंगण सुधारतोय. आठवड्याभरात चिरे निघाले, नळी जोडली, पंप बसला, चिरे परत बसले. दोन वर्षं जे जमत नव्हतं ते सात दिवसांत झालं. खर्चही मी समजत होतो त्याच्या निम्मा आला.

टाकी घाटावरच्या एका ठेकेदाराकडे गेली. तो स्वतः फिरकला एकदाच. त्याचा माणूस आठवड्यातून एकदा यायचा आणि कर्दळीची फुलं मोजून जायचा, असं मी गंमतीने म्हणायचो. जत्रेच्या आधी विश्रामने धावपळ करून पुन्हा तपासणी करवली. या वेळी मी पायरी दाखवली नाही, पण दाखवली असती तरी चाललं असतं. पाणी उत्तम निघालं.

जत्रेच्या सकाळी देवळाच्या सभामंडपात ठेकेदाराचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. बोलणार कोण? गावात बोलणारा एकच. "ज्यांनी दहा दिवसांत आमची खाडी आम्हाला परत दिली," असं एक वाक्य माझ्या भाषणात होतं. ठेकेदार थोडा गोंधळला. त्याला बिचाऱ्याला खाडी कोणत्या बाजूला आहे हेही माहीत नव्हतं. टाळ्या पडल्या.

बाहेर आलो तर रस्त्याकडेला, खाजेवाल्यांच्या दुकानांपलीकडे, बायका तिसऱ्यांच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. दाखल्याची नक्कल कोणीतरी काठीला बांधून लावली होती. गर्दी होती. शेवंती शेवटी बसली होती, पाय चिखलाने राखाडी, पाटी जवळजवळ संपलेली. मी वळून जाणार होतो. तिने हाक मारली.

"बापूनू, वायच थांबा."

तिने उरलेल्या तिसऱ्या केळीच्या पानात घातल्या आणि पुडी माझ्या हातात दिली. पैसे काढायला लागलो तर हात हलवला. "खावा," ती म्हणाली. "आता बरे आसत." मग पाटीखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वही काढली. "ही टाकीकडची. ठेकेदाराक नुको म्हणता. तुमी लिवणारे माणूस, तुमच्याकडे ऱ्हवांदे."

तिने पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघितलं. रागावलेली वाटली नाही. एखादा मासा ताजा आहे का बघावं तशी बघत होती.

घरी आल्यावर शालिनी तिसऱ्या धुवायला घेऊन गेली आणि मी ओटीवर वही उघडली. रोजची एक ओळ, दोन वर्षांची. तारीख, भरती-ओहोटीची वेळ आणि पुढे टोपल्या. टोपली एकच, असं मी आजवर समजत होतो. त्या तीन होत्या.

'टाकीकडे : उघड्या. बंदराकडे : उघड्या. बापूंच्या पऱ्याखाली : बंद.'

मी पानं उलटत गेलो. टाकीकडे उघड्या, बंदराकडे उघड्या, बापूंच्या पऱ्याखाली बंद. पऱ्याखाली मेल्या, नव्या घातल्या. पऱ्याखाली बंद. बंद. मे महिन्यात माझ्या तिन्ही खोल्या भरलेल्या असत, तेव्हा सबंध महिना मेल्या. तपासणीवाला आला त्या तारखेला बंद. कौलाच्या आदल्या दिवशी, ती माझ्या ओटीवर येऊन गेली त्या दिवशी, बंद. कौलाच्या दिवशीही ती ओहोटीला जाऊन बघून आली होती. बंद.

वही तिथे संपायला हवी होती. त्यानंतर तिला टाकीशी काही देणंघेणं नव्हतं. पण ओळी पुढे चालू होत्या. फक्त टाकी आणि बंदर गेलं होतं, एकच टोपली राहिली होती. पऱ्याखाली बंद. पऱ्याखाली बंद. मी अंगण खणत होतो त्या आठवड्यातही रोज. शेवटची ओळ जत्रेच्या पाच दिवस आधीची होती.

'बापूंच्या पऱ्याखाली : उघड्या.'

शालिनी पदराला हात पुसत मागे येऊन उभी राहिली होती. ती किती वेळ वाचत होती कोण जाणे.

"अक्षर बघा तिचां," ती म्हणाली. "मोत्यासारखां आसा. तुमचां नाय इतकां बरां."

मी वही मिटायला गेलो तेव्हा मागच्या पुठ्ठ्यातून चार घड्या घातलेला एक कागद खाली पडला. पुढे विश्रामने मला पंचायतीची फाइल दाखवली, तिच्यात शेवंतीचं एका ओळीचं पत्र होतं, तिच्याच अक्षरात : 'मी टाकीचे काम सोडत आहे.' 'चूक' हा शब्द त्यात नव्हता. तो ओटीवर पडलेल्या कागदावर होता. 'माझ्या हातून चूक झाली. त्यामुळे खाडीचे पाणी नासले.' अक्षर माझं, शाई माझी, खाली सहीची जागा मोकळी.

त्या दुपारी शालिनीने तिसऱ्यांचं सुकं केलं. मी दोनदा मागून घेतलं.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. सोमवारी सोमवारी काढतो, उलगडतो, पेनाचं टोपण काढतो. घड्या आता विरत चालल्यात.